त्यांच्याकडे पुष्कळ आहेत

सेक्रेटरी: चहा नंतर, काकू. आधी एवढंच सांगा, बॉल टाकतं कोण?

काकू: मी नाही. दारातच सांगितलं तुम्हाला.

सेक्रेटरी: मान्य. पण घर तुमचं, परस तुमचं, आणि बॉल येतो तो नेमका ह्याच भिंतीवरून.

काकू: भिंत मैदानाची आहे. आमच्या वाट्याला तिची नुसती सावली.

पंच: सेक्रेटरी, बसा आधी. वहिनी, राग मानू नका. लीगचे नवे सेक्रेटरी आहेत हे, जरा घाईत असतात.

काकू: ते कळलं, भावजी. चपला पायात असतानाच प्रश्न सुरू झाले.

सेक्रेटरी: घाई नको तर काय करू? गेल्या रविवारी एक पोरगा पाय मोडून बसला. तो पंचांचा सख्खा भाचा, माझा कुणी नाही. तरी धावतोय मी, आणि मामा आपले थंड.

काकू: अगं बाई! भावजी, तुमचा भाचा? भिंगरी म्हणतात तो?

पंच: तोच.

काकू: मी कधी मॅच बघितली नाही, पण नाव पाठ आहे. दर रविवारी भिंतीवरून ऐकू येतं. ‘भिंगरी, सोड! भिंगरी, पळ!’ कसं झालं हो?

पंच: बॉल घेऊन निघाला होता तो. समोर फक्त गोलकीपर. तेवढ्यात भिंतीकडून दुसरा बॉल आला, एक टप्पा खाल्ला आणि बरोबर ह्याच्या पायाखाली. ह्याची नजर आपल्या बॉलवर. खडू मोडतो ना, तसा आवाज झाला. शिट्टी माझ्या तोंडात होती, पण वाजवायचं सुचलं नाही मला.

काकू: आणि आता?

पंच: प्लास्टरमध्ये आहे. बहीण माझ्याशी बोलत नाही. तू मैदानात असताना दोन बॉल आलेच कसे, म्हणते.

काकू: आईचा जीव आहे तो. बोलेल हळूहळू.

सेक्रेटरी: म्हणूनच म्हणतो, काकू. आज मुद्दाम मॅच चालू असताना आलोय. ती ऐका, शिट्टी. आज धाकटे पंच आहेत मैदानात. बॉल इकडे पडला की जो कोणी उचलेल त्याचं मनगटच पकडणार मी.

काकू: पकडा. सापडला तर मलाही दाखवा.

सेक्रेटरी: म्हणजे तुम्हाला माहीत आहे कोण ते.

काकू: हे बघा साहेब, हा माझा उजवा खांदा, वर उचलतच नाही. वेणी घालायला शेजारीण येते. कपडे वाळत घालायची दोरी कमरेएवढी खाली घेतलीय, ती बघा. मी काय त्या भिंतीपलीकडे बॉल टाकणार? आमची शिडी लावली तरी वरचा थर हाताला लागत नाही तिचा.

सेक्रेटरी: आजूबाजूची पोरंटोरं?

काकू: ह्या बाजूला बंद गोदाम. त्या बाजूला शेजारीण, ती माझ्याहून म्हातारी. परसाला दुसरी वाट नाही. यायचं झालं तर माझ्या स्वयंपाकघरातून यावं लागेल, आणि स्वयंपाकघरात मी असते.

सेक्रेटरी: मग एवढा लांब टाकतं कोण? आमच्या गोलकीपरलासुद्धा जमायचं नाही.

काकू: ह्यांना जमायचं.

सेक्रेटरी: कोणाला?

काकू: आमच्या ह्यांना.

सेक्रेटरी: म्हणजे तुमचे मिस्टर? अहो, मग इतका वेळ काय कोडी घालताय! आत आहेत का ते? बोलवा बाहेर.

पंच: सेक्रेटरी.

सेक्रेटरी: काय सेक्रेटरी? दोन शब्द बोलायला काय हरकत आहे त्यांना?

पंच: ह्यांचे मिस्टर, सगळ्या मैदानाचे काका, वारले. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला. मी स्वतः खांदा दिलाय.

सेक्रेटरी: अरे. काकू, माफ करा. मला कल्पना नव्हती.

काकू: असू दे. तुम्ही नवे.

पंच: ह्यांना सांगा ना वहिनी, काका काय होते ते. मी सांगितलं तर म्हणतील पंच म्हातारे झाले.

काकू: काय सांगायचं? बेकरीत होते. पीठ मळायला आणि भट्टीवर. जन्मभर पीठ मळलं, दंड असे झाले होते की बाह्या शिवणीवर उसवायच्या. मी म्हणायची, तुमच्यासाठी शर्ट शिवण्यापेक्षा उशीचा अभ्रा शिवावा.

पंच: आणि बॉल परत आला की त्यावर पांढरे पंजे उमटलेले असायचे. पिठाचे. नवा खेळाडू असला की विचारायचा, हे काय? आम्ही सांगायचो, काकांचा शिक्का.

काकू: हात धुऊन झोपत जा म्हटलं तर म्हणायचे, धुतो गं, पण ते रेषांमध्ये गेलंय, जात नाही.

सेक्रेटरी: पण मग ते दर मॅचला यायचे नाहीत का बघायला?

काकू: एकदाही नाही. मी म्हणायची, एवढा जीव अडकलाय त्या बॉलात, तर जाऊन बसा ना मैदानात. तर म्हणायचे, मी तिकडे गेलो तर बॉल इकडून कोण टाकेल?

पंच: वहिनी, पलीकडे काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक नसेल. त्या काळी एकच बॉल. एकाने जोरात मारला की गेला भिंतीवरून. मग सगळे उभे. बावीस खेळाडू, बघे, चणेफुटाणेवाला, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. ह्या टोकाला पाण्याची बादली असायची. दोन्ही संघ एकाच बादलीतून प्यायचे. मघाशी ज्यांनी एकमेकांच्या नडग्या फोडल्या तेच एकमेकांना पेला द्यायचे. आणि मग भिंतीवरून बॉल यायचा, आकाशातून पडल्यासारखा. सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. गोलला वाजत नसतील इतक्या.

काकू: त्या टाळ्या ऐकून हे आत यायचे. आधी नाही.

सेक्रेटरी: हे सगळं ऐकायला छान आहे, पंच. पण त्याची दुसरी बाजूही सांगा की. एका गोलने पुढे असलेला संघ काय करायचा? उचलून भिंतीपलीकडे मारायचा. मुद्दाम. तुम्हीच शिकवलंत मला, त्याला ‘भिंतीचा बचाव’ म्हणायचे.

पंच: म्हणायचे. खोटं नाही.

सेक्रेटरी: अर्धी मॅच नुसती उभं राहण्यात जायची. लोक खेळ बघायला येतात, भिंत बघायला नाही. म्हणून मी नियम आणला. मैदानाभोवती प्लास्टिकचे कोन, प्रत्येक कोनावर एक बॉल. एक बाहेर गेला की जवळचा उचला, टाका, खेळा. मोठ्या मैदानांवर सगळीकडे हेच चालतं. गेलेल्याची वाट बघत बसायचं नाही.

काकू: गेलेल्याची वाट बघत बसायचं नाही. बरं आहे.

सेक्रेटरी: बॉलबद्दल बोलतोय मी, काकू.

काकू: मीही बॉलबद्दलच बोलतेय.

पंच: खेळ वेगवान झाला हे मी नाकारत नाही. पण पोरांना श्वास घ्यायला उसंत नाही. राग आला की निवायला वेळ नाही. पूर्वी एका मॅचमध्ये कार्ड दाखवायची वेळ क्वचित यायची, आता खिशातून हात बाहेरच असतो माझा. आणि त्या बादलीत परवा एक चिमणी मरून पडली होती. कुणाला पत्ता नाही.

सेक्रेटरी: तो तुमचा जुना वाद झाला, कमिटीसमोर करा. आत्ता विषय वेगळा आहे.

काकू: विषय तोच आहे, साहेब. तो तुमचा कोनांचा रविवार मला चांगला आठवतो.

सेक्रेटरी: पहिला रविवार? काय झालं होतं?

काकू: बॉल पडला. हे उठले, टाकला. आणि उभे राहिले ऐकत. टाळ्या नाहीत. पलीकडे तर आरडाओरडा चालूच. मला विचारतात, आज मॅच नाही का? म्हटलं, आहे की, ऐकू येत नाही का? मग म्हणतात, थांबले का नाहीत ते? थोड्या वेळाने आणखी एक पडला. तोही टाकला. पुन्हा तेच. तेव्हा ते शेजारणीकडून मोठी शिडी घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा भिंतीवर चढून पलीकडे बघितलं.

पंच: हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत, वहिनी.

काकू: काय बोलायचं? बराच वेळ बघत होते. उतरले, शिडी आडवी ठेवली आणि मला म्हणाले, ‘त्यांच्याकडे पुष्कळ आहेत गं.’ एवढंच. त्याच आठवड्यात गेले. रात्रपाळी करून आले, झोपले, ते उठलेच नाहीत.

सेक्रेटरी: काकू, वाईट वाटलं ऐकून. पण ह्याचा त्याच्याशी संबंध जोडू नका. वय होतं त्यांचं.

काकू: मी कुठे जोडतेय? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं.

सेक्रेटरी: मग आता बॉल...

काकू: आता काय होतं तेही सांगते, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. बॉल पडतो तो मला ऐकू येतो. कधी बघते, कधी नाही. बघत राहिले तर तो तसाच पडून राहतो. मान वळवली, पोळी उलटायला वळले, की ‘हुं’ असा आवाज येतो. टाकताना ते करायचे तसा, पोटातून. बाहेर येऊन बघावं तर परस रिकामं.

सेक्रेटरी: पंच, तुम्हाला हे पटतं?

पंच: मला एवढंच माहीत आहे की पहिल्यांदा तो कडेला पडायचा, रेघेबाहेर. मग रेघेवर. मग दर रविवारी थोडा आत, थोडा आत. गेल्या खेपेला मध्यरेषेपाशी पडला. असा टाकणारा माणूस ह्या गावात मी एकच बघितलाय.

काकू: ऐकू जात नसेल तिकडे, असं वाटत असेल त्यांना. म्हणून जोर लावत असतील.

सेक्रेटरी: आणि त्या बॉलवर पांढरं लागलं होतं ते रेघेच्या चुन्याचं होतं. मी बघितलाय तो बॉल.

पंच: मीही बघितला. चुन्याला बोटं नसतात, सेक्रेटरी.

सेक्रेटरी: बास. भरदुपारी भुतांच्या गोष्टी नकोत. मी... हा कसला आवाज?

काकू: पडला.

सेक्रेटरी: कुठे? हो, तो बघा, धुण्याच्या दगडापाशी. कुणीही हलू नका. दार बंद आहे ना पुढचं? पंच, तुम्ही गोदामाच्या बाजूला बघा.

पंच: कुणी नाही.

सेक्रेटरी: पलीकडे खेळ चालूच आहे. ऐका. कोनावरचा उचलला त्यांनी. बघा, ह्याला म्हणतात सिस्टिम. आणि इथे? इथे काही नाही. बॉल पडलाय, पडून राहिलाय.

काकू: तुम्ही बघताय ना त्याच्याकडे.

सेक्रेटरी: ठीक आहे, करूनच बघू. हा तुमचा कपड्यांचा टब घेतो. बॉल इथे, त्यावर टब पालथा. आणि टबावर हा दगड. पंच, हात लावा, जड आहे. हं. आता तो हवेत उडून दाखवू दे. चला, देताय ना काकू चहा? आता निवांत घेतो.

काकू: या आत. दार उघडंच राहू द्या, तुमचं समाधान होईल. भावजी, ती खुर्ची घ्या, ह्या स्टुलाचा पाय हलतो.

सेक्रेटरी: मी इथे दाराकडे तोंड करून बसतो.

काकू: बसा. साखर किती?

सेक्रेटरी: एक. काकू, मनापासून सांगतो, तुम्ही एकट्या आहात. लेकाकडे, लेकीकडे जाऊन राहत का नाही काही दिवस?

काकू: मुलगी बोलावते. दर आठवड्याला फोन असतो. म्हणते, आई, आता तिथे तुझं काय राहिलंय? मी म्हणते, येते, रविवार होऊ दे. मग रविवार होतो.

पंच: भीती नाही वाटत, वहिनी?

काकू: खरं सांगू? नवरा होता तोवर भीती वाटायची नाही. आता वाटते. हेच तर वाईट आहे. ज्या माणसाच्या शेजारी जन्मभर झोपले त्याचा आवाज ऐकून हातातलं लाटणं पडतं माझ्या. आणि आत्ता तुमच्या भाच्याचं ऐकलं. ह्यांनी मुंगीला पाय लावला नाही कधी. त्यांना कळलंही नसेल पलीकडे काय झालं ते. हा घ्या कप. गरम आहे, बशीत ओतून घ्या.

सेक्रेटरी: आण... आई गं! सांडला. काही नाही, हातावरच... पंच, तुम्ही काही बोललात?

पंच: नाही.

सेक्रेटरी: आत्ता कोणीतरी ‘हुं’ केलं.

काकू: मी नाही केलं.

पंच: टब बघा.

सेक्रेटरी: टब जागेवर आहे. दगडही जागेवर. बघा, कुणी हात लावलेला नाही. मी सांगत होतो...

पंच: उचलून बघा.

सेक्रेटरी: तुम्ही उचला.

पंच: दोघं मिळून उचलू. हं.

सेक्रेटरी: नाही. नाही, हे... पंच, आपण ठेवला होता ना? आपण दोघांनी ठेवला होता.

पंच: ठेवला होता. बघा, ओला गोल डाग आहे तिथे. आणि पलीकडे ओरडतायत, ऐका. खेळ थांबलाय.

सेक्रेटरी: फोन वाजतोय माझा. हॅलो? हो, बोला. हो, इथेच आहे मी. काय? कुणाला? लागलं नाही ना? नक्की? कुठे पडला? गोलच्या तोंडाशी? तो तर दुसऱ्या टोकाचा गोल झाला. अहो, कसं शक्य आहे ते! बरं. बरं, थांबा. ठेवू नका फोन.

पंच: काय झालं?

सेक्रेटरी: गोलकीपर कोपऱ्यातल्या बॉलकडे बघत होता. वरून हा आला. कानाला घासून गेला. एक पाऊल इकडे असता तर डोक्यात बसला असता. त्या गोलपर्यंत, पंच. अख्ख्या मैदानाच्या पलीकडे.

काकू: देवा. आवरा हो त्यांना कुणीतरी.

पंच: आवरणं तुमच्या हातात आहे, सेक्रेटरी. फोन चालू आहे. सांगा.

सेक्रेटरी: काय सांगू? नियम कमिटीने केलाय. मी एकटा कसा बदलू? आणि कारण काय देऊ, सांगा ना. काय म्हणू त्यांना?

पंच: नियम तुम्ही आणलात, कमिटीने मान डोलावली. कारण विचारलं तर माझं नाव सांगा. पुढचा बॉल कुणाच्या डोक्यात बसेल ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. माझ्या घरात एक पाय मोडलाय, तेवढा पुरे.

सेक्रेटरी: हॅलो? आहात ना? नीट ऐका. कोनांवरचे सगळे बॉल उचला. सगळे. माझ्या गाडीत टाका आणि गाडीला कुलूप लावा. एकच ठेवा. हो, एकच. कारण विचारू नका. आणि बॉल भिंतीवरून इकडे आला तर खेळ थांबवा. दुसरा आणायला कुणी जायचं नाही, भिंतीशी यायचं नाही. उभे राहा. किती वेळ म्हणजे? येईपर्यंत. हो, येईल तो. असं समजा की... पूर्वीसारखं. म्हाताऱ्या प्रेक्षकांना विचारा, ते सांगतील.

काकू: बसा साहेब. हात पोळलाय तुमचा, पाण्याखाली धरा.

सेक्रेटरी: काही नाही होत. काकू, मी विज्ञान शिकलेला माणूस आहे हो.

काकू: असू दे. ह्यांचाही विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर.

पंच: चला, परसातच बसू या. वहिनी, तुम्हीही या.

काकू: मी उंबऱ्यात बसते. मला इथून दिसतं.

सेक्रेटरी: शांत वाटतंय, नाही? खेळ चालू आहे, तरी.

पंच: एकच बॉल असला की पोरं जपून मारतात.

सेक्रेटरी: मग इकडे येणारच नाही कदाचित.

पंच: येईल. त्यांच्या बॅकला सवय आहे, घाबरला की उंच... तो बघा. आला.

काकू: वळचणीला लागला. गडगडतोय.

सेक्रेटरी: मोरीकडे चाललाय. उतार तिकडेच आहे ना?

काकू: तिकडेच. पाणी तिकडेच जातं.

सेक्रेटरी: थांबला. पंच, पलीकडे ऐका. आवाज बंद झाले सगळे. थांबलेत ते.

पंच: श्श.

सेक्रेटरी: मी बघत राहिलो तर होणार नाही, असं म्हणाल्या ना त्या? मान वळवू का?

पंच: काही करू नका.

सेक्रेटरी: पंच. तो हलला.

पंच: बघतोय मी.

सेक्रेटरी: तो चढाकडे येतोय. उतार मोरीकडे आहे आणि तो धुण्याच्या दगडाकडे येतोय. हळूहळू. कुणीतरी पायाने ओढून घेतं ना, तसा.

काकू: असाच घ्यायचे ते. टाचेने. वाकायचा कंटाळा.

सेक्रेटरी: दगडापाशी थांबला. एकदम गार वाटतंय इथे, पंच.

पंच: माझा हात धरा. आणि बोलू नका.

काकू: अहो. ऐकताय ना? थांबलेत ते सगळे. तुमच्यासाठी थांबलेत. एकच आहे आता त्यांच्याकडे. हळू टाका, पोरं आहेत पलीकडे.

सेक्रेटरी: ऐकलंत? आत्ता ऐकलंत ना तुम्ही? अगदी माझ्या कानाशी...

पंच: ऐकलं. वर बघा.

सेक्रेटरी: गेला. भिंतीवरून गेला.

पंच: टाळ्या. ऐका वहिनी. कोणी सुरू केल्या असतील? जुनी मंडळी असणार. आता सगळेच वाजवतायत.

काकू: ऐकतेय. इतक्या वाजवायचे? आत स्वयंपाकघरात एवढ्या ऐकू यायच्या नाहीत. मला वाटायचं हेच वाढवून सांगतात.

पंच: इतक्याच.

सेक्रेटरी: फोन येतोय. हॅलो. हो, बघितला. कुठे पडला? रेघेच्या जरा बाहेर? अलगद? बरं. नाही, मी नाही टाकला. घरातल्यांनी टाकला. चालू ठेवा खेळ. एकाच बॉलवर. पुढचं कमिटीत बोलेन मी, भिंतीपाशी सगळे थांबतील एवढं लिहून घेईन त्यांच्याकडून. ठेवतो.

काकू: भावजी, भिंगरीला बघायला येईन मी उद्या. तुमच्या बहिणीला सांगून ठेवा. काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, पण येईन.

पंच: या वहिनी. बोलायला काही लागत नाही.

सेक्रेटरी: काकू, तुम्ही इतके महिने हे एकटीने...

काकू: सवय होत नाही त्याची. होईल असं वाटलं होतं. तो बघा, पुन्हा आला.

सेक्रेटरी: ह्या वेळी दोरीवर पडला. तुमचा टॉवेल खाली पडला.

काकू: पडू दे.

(पलीकडे सगळं मैदान गप्प होतं. परसात बॉल मोरीपाशी येऊन थांबतो. कोणी हलत नाही.)

पंच: वेळ लागतोय.

सेक्रेटरी: मघाशी एवढा लागला नव्हता.

पंच: नाही.

सेक्रेटरी: हलत नाहीये तो. आपण बघतोय म्हणून असेल का? तोंड फिरवू या. पंच, तुम्हीही. काकू, तुम्हीही जरा आत बघा.

काकू: बघितलं.

सेक्रेटरी: काही ऐकू आलं?

पंच: नाही. तिथेच आहे बॉल.

सेक्रेटरी: आणि गार वाटत होतं ना मघाशी, तेही गेलं. तुम्हाला जाणवतंय, काकू?

काकू: जाणवतंय. नुसतं परस आहे आता.

पंच: वहिनी?

काकू: टाळ्या ऐकल्या त्यांनी. टाळ्या ऐकल्या की आत जायचे ते. गेले.

सेक्रेटरी: मग बरंच झालं की. म्हणजे, तसं नाही म्हणत मी. काकू, रडू नका. पंच, बघा ना जरा.

काकू: रडत नाही मी. त्यांना आत जाताना कधी थांबवलं नाही मी, आणि आज थांबवावंसं वाटतंय. एवढंच.

पंच: तुम्ही बसून राहा. मी आहे इथे.

सेक्रेटरी: फोन वाजतोय. काय सांगू त्यांना? घेतच नाही. काकू, मी टाकू का हा बॉल? माझ्याने एका झटक्यात नाही जायचा, पण दोन-तीनदा करून जाईल. ते सगळे उभे आहेत पलीकडे. तुमच्या भिंतीकडे तोंड करून थांबलेत.

काकू: थांबू देत.